संदर्भस्थळे निवडून देणारी सेवा : पंचगंगेच्या खोऱ्यातील एका वर्षाचा अनुभव

नदीचे पाणी तपासून देणाऱ्या प्रयोगशाळा आता बहुतेक जिल्ह्यांत आहेत. बाटली नेऊन दिली की काही दिवसांत छापील अहवाल हातात येतो. मात्र हे पाणी किती बिघडले आहे, या प्रश्नाचे उत्तर त्या अहवालात सापडत नाही, कारण न बिघडलेले पाणी त्याच खोऱ्यात, त्याच हंगामात कसे असते, याची नोंद कोणीच जोडलेली नसते. ती नोंद ज्या ठिकाणावरून मिळते त्याला संदर्भस्थळ म्हणतात. आमच्या नदीगटाने गेल्या वर्षी पंचगंगेच्या खोऱ्यासाठी अशी स्थळे निवडणे, तेथे तीन ऋतूंत नमुने घेणे आणि खालच्या बाजूच्या स्थळांशी त्यांची तुलना करून देणे, असे काम एका खासगी प्रयोगशाळेला दिले. त्या सेवेचे हे परीक्षण आहे. प्रयोगशाळेचे नाव मी देत नाही, कारण सुरुवातीला त्यांच्याकडून झालेली चूक त्यांनी पुढे स्वतःच दुरुस्त केली आणि वाचकांना नावापेक्षा त्या चुकीची ओळख पटणे अधिक उपयोगाचे आहे.

पंचगंगा म्हणजे कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि लोकश्रद्धेतील गुप्त सरस्वती. प्रयाग चिखलीच्या संगमापासून ती पंचगंगा म्हणून वाहू लागते आणि सुमारे ८० किलोमीटरचा प्रवास करून नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. या ८० किलोमीटरांत जयंती नाल्यासह कोल्हापूर शहराचे सांडपाणी, साखर कारखाने, इचलकरंजीचा कापडप्रक्रिया उद्योग आणि दोन्ही काठांच्या उसातून उतरणारे खतांचे पाणी नदीत येते. त्यामुळे 'हे मूळचे पाणी' असे म्हणता येईल अशी जागा या पट्ट्यात सापडणार नाही, हे आम्हाला आधीपासून ठाऊक होते. वर, घाटमाथ्याकडेच जावे लागणार होते. प्रश्न होता तो नेमके कोठे थांबायचे याचा.

पहिल्या टप्प्यात प्रयोगशाळेने उपग्रह नकाशावर छाननी करून भोगावतीवर राधानगरी धरणाच्या काही अंतर खाली, पुलाजवळची एक जागा संदर्भस्थळ म्हणून सुचवली. कागदावर ती उत्तम दिसत होती. डांबरी रस्ता अगदी काठापर्यंत जातो, पाणी बारमाही आहे, वर मोठे गाव नाही आणि नमुन्याचे आकडेही चांगले आले होते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत 'अ' वर्गासाठी, म्हणजे केवळ निर्जंतुक करून पिता येईल अशा पाण्यासाठी, विरघळलेला ऑक्सिजन लिटरमागे किमान ६ मिलिग्रॅम आणि जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी, म्हणजे बीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना जीवाणूंना लागणारा ऑक्सिजन), जास्तीत जास्त २ मिलिग्रॅम असावी लागते. या दोन्ही कसोट्यांना ते पाणी उतरले होते. प्रयोगशाळेने तेवढ्यावर काम पूर्ण झाल्याचे कळवले.

आम्ही त्या जागी पुन्हा गेलो तेव्हा प्रयोगशाळेच्या तरुण रसायनतज्ज्ञ बाई सोबत होत्या. जवळच्या वाडीतले एक वयस्क गृहस्थ काठावर म्हशी घेऊन आले होते. त्यांनी आमची खटपट बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "ताई, हे धरणानं सोडलेलं पाणी हाय. इथलं दगूड हाताला बुळबुळीत लागत्यात. वरल्या वढ्यातलं न्हाईत लागत. नदीचं पाणी बघायचं तर तलावाच्या वर जायला पायजे."

बाईंनी वाद घातला नाही. "काका, दाखवता का?" असे विचारून त्या खाली उतरल्या आणि पाण्यातला दगड उचलून त्यावर बोट फिरवले. शेवाळाचा पातळ हिरवट थर बोटाला लागला. मग आमच्या आग्रहावरून त्यांनी प्रवाहाच्या तोंडाशी जाळी धरली, वरच्या बाजूचे दगड पायाने ढवळले आणि जाळीत आलेले जीव पांढऱ्या ट्रेमध्ये ओतले. छोट्या गोगलगायी आणि दगडाला चिकटून पाण्यातले बारीक कण गाळून खाणाऱ्या अळ्या, एवढेच त्यात प्रामुख्याने होते. त्याच आठवड्यात जलाशयाच्या वरच्या अंगाला, दाजीपूरच्या जंगलातून येणाऱ्या एका ओढ्यात तीच जाळी धरली तेव्हा ट्रेमध्ये चपट्या अंगाच्या मेफ्लायच्या अळ्या होत्या, दोन शेपट्यांच्या स्टोनफ्लाय होत्या आणि वाळूचे कण एकमेकांना चिकटवून स्वतःभोवती नळी बांधणाऱ्या कॅडिसफ्लायही होत्या. हे तिन्ही कीटक बिघडलेले पाणी सहसा सोसत नाहीत. आकड्यांत दोन्ही ठिकाणचे पाणी 'अ' वर्गाचे. ट्रेमध्ये मात्र दोन वेगळ्या नद्या दिसत होत्या.

धरणाखालचे पाणी रसायनाच्या कसोटीवर स्वच्छ ठरते, कारण गाळ आणि पुष्कळशी सेंद्रिय घाण जलाशयातच बसते. परंतु त्या पाण्याचा प्रवाह पावसावर नव्हे, तर वीजनिर्मितीवर आणि शेतीच्या आवर्तनावर चालतो. जलाशयाच्या खोल थरातून आलेल्या पाण्याचे तापमान त्या ऋतूच्या नदीचे नसते. आणि गाळ अडल्यामुळे खालच्या पात्रातला वाळू-खड्यांचा पुरवठाही तुटतो. माणसाच्या हस्तक्षेपाचा परिणाम ज्या स्थळावरून मोजायचा, तेच स्थळ मोठ्या हस्तक्षेपाच्या पायथ्याशी घेतले तर पुढची प्रत्येक तुलना चुकते. शाहू महाराजांनी उभारणी सुरू केलेल्या या धरणाने जिल्ह्याला केवढे दिले, हे आम्ही सगळेच जाणतो. पण धरण उपकारक असणे आणि त्याखालचा प्रवाह नैसर्गिक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रस्ता, पूल आणि सोय पाहून जागा निवडण्याची ही चूक देशभरातल्या नद्यांवर होत असते, म्हणूनच ती इतक्या विस्ताराने लिहिली.

यानंतर प्रयोगशाळेने काम नव्याने मांडले, आणि येथून पुढे या सेवेबद्दल मला बरेच चांगले म्हणायचे आहे. भोगावतीसाठी दाजीपूरचा ओढा, कुंभीसाठी लखमापूर जलाशयाच्या वरचा गगनबावड्याकडील प्रवाह आणि कासारीसाठी गेळवडे जलाशयाच्या वर गजापूरच्या बाजूची जागा, अशी तीन स्थळे त्यांनी पायी फिरून ठरवली. एकच स्थळ न घेता तीन घेण्याचा आग्रह त्यांचाच होता. एका ओढ्याचे पाणी एखाद्या वर्षी दरड कोसळल्याने किंवा वणव्यानंतर बदलू शकते. तीन ठिकाणांवरून मिळणारा पल्ला हा खरा संदर्भ असतो, एक आकडा नव्हे. प्रत्येक जागेच्या वर वस्ती, उपसा पंप, खाण, धुणे-जनावरे आणि यात्रेकरूंची वर्दळ आहे का, हे त्यांनी किमान एक किलोमीटर ओढ्याच्या पात्रातूनच चालत पाहिले. गजापूरची पहिली जागा याच पाहणीत रद्द झाली, कारण पावसाळी सहलींचा कचरा तेथे कपारीत अडकलेला दिसला. पावनखिंडीकडे जाणारी वाट जवळ असल्याने तो येणारच होता, आणि तो पाहून वाईट वाटले. बाईंनी जागा आणखी वर, वाटेपासून दूर नेली.

दाजीपूर हे राधानगरी अभयारण्याचा भाग असल्याने वनविभागाची परवानगी लागली आणि त्यात वेळ गेला. अशी सेवा घेणाऱ्यांनी हा वेळ वेळापत्रकात आधीच धरावा. परवानगी मिळाल्यावर आणखी एक अडचण समोर आली. जंगलातल्या त्या ओढ्याच्या पाण्यात कोलिफॉर्म जीवाणू आढळले, आणि आमच्या गटातील काही जण, मीही त्यांत होतो, निराश झाले. त्या पाण्यावर गवे येतात, हे आमच्या लक्षातच आले नव्हते. विष्ठेतून येणारे हे जीवाणू माणसाच्या आणि रानातल्या जनावरांच्या पोटांत सारखेच असतात. अहवालात प्रयोगशाळेने ही नोंद दडवली नाही आणि जागाही बदलली नाही. नमुन्याच्या दिवशी काठावर गव्यांचे खूर आणि शेण दिसल्याचे क्षेत्रवहीतील टिपणासह छापले आणि 'निसर्गतः असणारी पातळी' म्हणून तिची नोंद केली. संदर्भस्थळ म्हणजे निर्जंतुक पाणी नव्हे, हे आम्हाला त्या एका परिच्छेदाने शिकवले.

उन्हाळ्यातली फेरी मात्र अपुरी वाटली. घाटमाथ्यावरचे हे ओढे एप्रिल-मेमध्ये आटून डोहांपुरते उरतात. डोहात पाने कुजतात, पाणी चहाच्या रंगाचे होते आणि ऑक्सिजन निसर्गतःच उतरतो. अशा डोहाची तुलना खालच्या वाहत्या नदीशी करता येत नाही. प्रयोगशाळेने तो नमुना घेतला, पण तुलनेच्या तक्त्यात तो इतर नमुन्यांच्या रांगेतच बसवला. आम्ही विचारल्यावर त्याखाली तळटीप आली. २००५ साली केंद्र सरकारने पाण्याच्या गुणवत्तेच्या सनियंत्रणासाठी जी एकसमान पद्धत लागू केली, तिच्यातही बारमाही आणि हंगामी नद्यांसाठी वेगळा विचार आहे. हा भेद त्यांनी आमच्या सांगण्यावाचून करायला हवा होता.

या सेवेतील सर्वांत मोलाचे काम खालच्या पट्ट्यासंबंधीचे आहे. गगनबावड्याला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक पाऊस पडतो, नदीच्या खालच्या टोकाकडील शिरोळला पाचशे-सहाशे. वर जांभा आणि त्याखालचा बेसॉल्ट, पाणी क्षारांच्या दृष्टीने अगदी हलके. खाली काळी माती, संथ उतार आणि शिरोळच्या भागात क्षारपड जमिनी. शिरोळच्या पाण्याची विद्युतवाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे माप, दाजीपूरच्या कित्येक पट भरणारच, आणि त्यातला काही भाग प्रदूषणाचा नसून भूगोलाचा आहे. दाजीपूरचा आकडा शिरोळला लावला तर मोठे आणि सनसनाटी अंतर दिसेल, वर्तमानपत्रात मथळाही होईल, पण तो खोटा असेल. ब्रिटनमध्ये १९७७ पासून आरआयव्हीपॅक्स ही पद्धत विकसित झाली तिचे सूत्रही हेच आहे: उतार, उंची, पात्राचा तळ, क्षारता अशी नैसर्गिक लक्षणे जुळणाऱ्या संदर्भस्थळांवरून त्या जागी कोणते जीव असायला हवेत हे ठरवायचे, आणि प्रत्यक्षात सापडलेल्या जीवांशी त्याची तुलना करायची. युरोपीय संघाच्या २००० सालच्या जलनिर्देशातही नदीच्या प्रकारानुसार वेगळी संदर्भस्थिती ठरवणे बंधनकारक आहे.

तेव्हा शिरोळच्या प्रकारची, पण कमी बिघडलेली जागा शोधण्यासाठी बाई आणि त्यांचे सहकारी शेजारच्या वारणेच्या आणि दूधगंगेच्या खालच्या पट्ट्यात अनेक दिवस फिरले. दोन्हीकडे काठापर्यंत ऊस, उपसा सिंचनाच्या वाहिन्या आणि बंधाऱ्यांनी तुंबलेले पाणी. शेवटी अहवालात त्यांनी स्पष्ट लिहिले की या प्रकारच्या पात्रासाठी अबाधित संदर्भस्थळ या परिसरात उपलब्ध नाही. सर्वांत कमी बाधित असलेला एक पट्टा तुलनेसाठी घेतला आहे, आणि तो स्वच्छ आहे असा याचा अर्थ काढू नये. ग्राहकाने पैसे मोजलेले असताना 'मागितलेली वस्तू येथे मिळत नाही' असे छापून देणारी संस्था मी क्वचितच पाहिली आहे. या एका पानासाठी मी ही सेवा पुन्हा घेईन.

प्रत्यक्ष नमुने घेण्याची शिस्तही पाहण्यासारखी होती. ऑक्सिजनसाठी केवळ मीटरवर न विसंबता प्रत्येक फेरीत काही नमुन्यांवर विंकलर पद्धत, म्हणजे ऑक्सिजनची रासायनिक मोजणी, केली जाई. तीनशे मिलिलिटरची काचेची बाटली पाण्याखाली धरून, एकही बुडबुडा राहणार नाही अशी भरायची, काठावरच त्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइड-अझाइडचे द्रावण सोडायचे, बूच लावून उलटसुलट करायची. दाजीपूरच्या बाटलीत गडद तपकिरी साका तयार होऊन हळूहळू तळाशी बसला. इचलकरंजीच्या खाली एका नाल्याच्या तोंडाशी भरलेल्या बाटलीत तो जवळपास पांढराच राहिला, म्हणजे पाण्यात ऑक्सिजन उरलाच नव्हता. आमच्याबरोबर आलेल्या शाळेच्या मुलांनी दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी धरून पाहिल्या आणि बराच वेळ कोणी काही बोलले नाही.

वेळेची नोंद ते काटेकोर ठेवतात, ही बाब बाहेरून किरकोळ वाटली तरी फार महत्त्वाची आहे. शेवाळ माजलेल्या पाण्यात दुपारी ऑक्सिजन फुगलेला असतो आणि पहाटे तळाला जातो. एका ठिकाणचा नमुना सकाळी सातला आणि दुसऱ्या ठिकाणचा दुपारी दोनला घेतला तर तुलना घड्याळाची होते, नदीची नव्हे. तापमानाचेही तसेच आहे. समुद्रसपाटीला २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना सुमारे ७.६, आणि कोल्हापूरच्या उंचीवर त्याहूनही थोडा कमी. त्यामुळे प्रयोगशाळा केवळ मिलिग्रॅम न देता संपृक्ततेची टक्केवारीही, म्हणजे मावू शकणाऱ्या ऑक्सिजनपैकी प्रत्यक्षात किती आहे हेही, देते, ते योग्यच आहे. प्रयाग चिखलीला संगमाच्या लगेच खाली नमुना न घेता त्यांनी डावा काठ, मध्य आणि उजवा काठ अशी विद्युतवाहकता मोजत खाली सरकत जाऊन पाणी पूर्ण मिसळले आहे अशी जागा शोधली. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांवर बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या काढत्या-घालत्या फळ्या, बसलेले आहेत की काढलेले, याची नोंद मात्र पहिल्या फेरीत नव्हती. आम्ही ती घालायला लावली. बरगे बसले की नदी तळ्यांची साखळी होते, आणि बरगे निघाले की साठलेली घाण एकदम खाली सरकते. मेलेले मासे तरंगल्याच्या बातम्या अशा वेळी येतात. ही एक ओळ क्षेत्रवहीत नसेल तर त्या दिवशीच्या बाकी सगळ्या आकड्यांचा अर्थ लावता येत नाही.

तक्रारी आणखी दोन आहेत. पहिली भाषेची. साठ पानांचा अहवाल संपूर्ण इंग्रजीत होता. मागितल्यावर दोन पानांचा मराठी गोषवारा मिळाला, पण त्यात संदर्भस्थळे का निवडली याची कारणे गाळून फक्त आकडे ठेवले होते. ग्रामसभेत प्रश्न विचारणाऱ्या माणसाला नेमकी ती कारणेच हवी असतात. शेवटी तो मजकूर आम्हीच मराठीत लिहून काढला. दुसरी तक्रार दरपत्रकाची. आकारणी नमुन्यामागे आहे. पायी पाहणीचे, रद्द केलेल्या जागांचे आणि परवानगीसाठीच्या हेलपाट्यांचे दिवस त्यात वेगळे दाखवलेले नाहीत. साहजिकच घाईने, रस्त्याकडेची जागा घेऊन लवकर बाटल्या भरण्याकडे कोणत्याही संस्थेचा कल होईल, आणि माझ्या मते पहिल्या चुकीचे मूळ तेथेच होते. जाळीने जीव गोळा करून ओळखण्याचे काम तर दरपत्रकात 'ऐच्छिक' म्हणून शेवटच्या ओळीत होते. ते पहिल्या ओळीत असायला हवे. केंद्रीय मंडळाची जैविक निकषांची स्वतंत्र वर्गवारी उपलब्ध आहे, तळाच्या जीवांवरून पाण्याचा दर्जा ठरवण्याची पद्धत देशात रुजलेली आहे. तिला पुरवणीचे स्थान देण्याचे कारण नाही.

ज्यांना केवळ विहिरीचे किंवा नळाचे पाणी पिण्यायोग्य आहे का हे पाहायचे आहे, त्यांनी या सेवेच्या वाटेला जाऊ नये. त्यांच्यासाठी साधी तपासणी पुरेशी आहे. ज्या ग्रामपंचायतींना, नदीगटांना किंवा महाविद्यालयांना आपल्या ओढ्याची पाच-दहा वर्षांची नोंद ठेवायची आहे, त्यांनी ही सेवा जरूर घ्यावी, पण करार करताना रद्द झालेल्या जागांची यादी कारणांसह अहवालात छापावी आणि क्षेत्रवहीची प्रत द्यावी, या दोन अटी लेखी घालाव्यात. आम्हाला क्षेत्रवही दोनदा मागितल्यावर मिळाली. मिळाली तेव्हा मात्र तिच्या कडेला पेन्सिलीने लिहिलेले आढळले: 'म्हशीवाले काका म्हणाले, दगड बुळबुळीत. खरे आहे. जागा बदलणे.'

यंदाच्या करारात आम्ही चौथे संदर्भस्थळ तुळशीवर, धामोडच्या जलाशयाच्या वर मागितले आहे, आणि प्रत्येक स्थळी पहाटे सूर्योदयापूर्वीचा एक ऑक्सिजनचा नमुनाही. दोन्ही मागण्या मान्य झाल्या असून मराठी अहवालाचा मसुदा आम्हाला आधी दाखवण्याचेही त्यांनी कबूल केले आहे. पहिली फेरी दिवाळीनंतर, राजाराम बंधाऱ्याचे बरगे बसल्यावर पंधरवड्याने निघेल.